पोशाख आणि कॉर्डलेस माइक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटक, लावणी, ऐतिहासिक महानाट्य, महाविद्यालयांच्या एकांकिका आणि गणेशोत्सवातले मंचीय कार्यक्रम यांना मुंबईत ध्वनिव्यवस्था देताना कलाकारांकडून, कपडेपट सांभाळणाऱ्यांकडून आणि हौशी संस्थांच्या आयोजकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते. माइक हा पोशाखाचाच एक भाग आहे, हे कपडे बेतताना कोणाच्या लक्षात आलेले नसते, आणि ते लक्षात येते तेव्हा पहिली घंटा झालेली असते.

१. कॉलर माइकच्या आवाजाशी पोशाखाचा संबंध नेमका कुठे येतो?

कलाकाराच्या अंगावर या यंत्रणेचे तीन भाग असतात : आवाज टिपणारी बारीक कॅप्सूल, तिची नाजूक वायर आणि बॅटरीवर चालणारा पॅक. पॅकच्या अँटेनातून आवाज रेडिओलहरींच्या रूपाने रिसीव्हरकडे जातो. कापड कॅप्सूलवर घासले की सळसळ ऐकू येते आणि कॅप्सूल झाकली गेली की आवाज कोंडतो. वायर हुकाखाली किंवा कमरपट्ट्याखाली चेपली गेली की खरखर सुरू होते आणि पुढेमागे ती आतून तुटते. अँटेना धातूने किंवा घामेजलेल्या अंगाने वेढली गेली की आवाज मध्येच नाहीसा होतो. पॅकची प्रक्षेपणशक्ती बहुधा १० ते ५० मिलिवॉट एवढीच असते, त्यामुळे वाटेत आलेली लहानशी आडकाठीही तिला जाणवते.

२. आवाज बिघडला की दोष पोशाखाचा आहे की यंत्राचा, हे कसे ओळखायचे?

आधी बिघाडाचा प्रकार ओळखावा आणि मगच कलाकाराच्या पोशाखाला हात लावावा. घाईघाईने पॅक उपसून काढल्याने दोष सापडत नाही, मात्र नीट बसवलेला माइक जागचा हलतो.

रिसीव्हरवर बहुधा दोन मोजपट्ट्या दिसतात. एक रेडिओ सिग्नलची असते, दुसरी आवाजाची. एकाने त्या पट्ट्यांकडे पाहावे, दुसऱ्याने हेडफोन लावून केवळ तोच माइक ऐकावा आणि कलाकाराने पूर्ण पोशाखात बोलत चालावे. आवाज तुटतो त्याच क्षणी रेडिओची पट्टी कोसळत असेल, तर अडचण अँटेनाच्या आसपास आहे. ही पट्टी भरलेली असूनही खरखर किंवा सळसळ येत असेल, तर अडचण कॅप्सूल, वायर किंवा जोडणीच्या ठिकाणी आहे आणि ती फ्रीक्वेन्सी बदलून सुटणार नाही. एवढा फरक कळला तरी निम्मे काम होते.

पहिल्या प्रकारात एक सोपी कसोटी आहे. पॅक कपड्यांतून अलगद बाहेर काढून अंगापासून वीतभर दूर धरावा. पट्टी लगेच वर चढली, तर पोशाख किंवा शरीर सिग्नल अडवत होते असे समजावे. ती खालीच राहिली, तर पॅक, बॅटरी किंवा रिसीव्हरच्या अँटेना तपासाव्यात. दुसऱ्या प्रकारात कलाकाराला स्तब्ध उभे राहून बोलायला सांगावे. आवाज स्वच्छ आला, तर हलताना कापड किंवा दागिना घासतो आहे. स्तब्ध असतानाही खरखर राहिली, तर वायर पॅकला जिथे जोडली जाते तिथे ती हलकेच हलवून पाहावी, कारण वायरी बहुतेक वेळा तिथेच तुटतात. खरखर नसून आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत असेल, तर प्रश्न ९ पाहावा.

३. नऊवारी नेसलेल्या कलावतीचा पॅक कुठे ठेवावा?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि त्याला कारणही तसेच आहे. पॅक अडकवण्याची रूढ जागा म्हणजे कमरेच्या मागे, पाठीच्या कण्याशी. नऊवारीत काष्टा नेमका तिथेच खोचला जातो, कापडाचे अनेक पदर आणि जरीचा काठ तिथेच गोळा होतात आणि त्यावरून कमरपट्टा येतो. पॅक त्या गठ्ठ्यात सरकवला की अँटेना एका बाजूने शरीर आणि दुसऱ्या बाजूने धातू यांच्यामध्ये चिरडली जाते. शिवाय कलावती खाली बसली की सगळा भार वायरीच्या जोडणीवर येतो.

आमच्या अनुभवात सर्वांत भरवशाची जागा पाठीच्या वरच्या भागात, चोळीच्या आत आहे. आतून घालायच्या सुती बंडीला पाठीवर खिसा शिवून घ्यावा आणि पॅक त्यात उलटा, म्हणजे अँटेना व वायर खालच्या बाजूला येतील असा, ठेवावा. उलटा ठेवल्याने मानेवरून ओघळणारा घाम थेट जोडणीत उतरत नाही. वायर खाली एक मोकळा वळसा घेऊन मग वर केसांकडे न्यावी. त्या वळशामुळे घामाचा थेंब जोडणीपर्यंत न जाता तिथेच गळून पडतो. अँटेना पाठीवरून सरळ खाली सोडावी आणि तिचे टोक कमरपट्ट्याच्या वरच थांबेल याची खात्री करावी.

यासाठी चोळीला पाठीकडे थोडी ढिलाई लागते. अंगाला चपखल बसणारी चोळी शिवून झाल्यावर तिच्यात साधारण दोन सेंटीमीटर जाडीची वस्तू बसवता येत नाही, म्हणून माप घेतानाच शिंप्याला पॅक दाखवावा. मागचा गळा फार खोल असेल, तर पॅक कुशीला, कमरपट्ट्याच्या वर, रुंद इलॅस्टिक पट्ट्यात ठेवता येतो. लावणीत गिरक्या आणि अदा असतात, बैठकीच्या लावणीत मांडीची घडी असते. तेव्हा मांडीला पॅक बांधण्याचा पर्याय नऊवारीत टाळावा, कारण तो दिसतो, सरकतो आणि घामाने भिजतो.

४. जरीच्या साडीमुळे सिग्नल खरोखर अडतो का, की तो केवळ समज आहे?

तो खरोखर अडतो, पण प्रत्येक जर सारखी अडवत नाही. अस्सल जरीत चांदीच्या चपट्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो आणि ती तार रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली असते. ज्याला बाजारात ‘टेस्टेड’ जर म्हणतात तिच्यात तांब्याची तार असते. प्लास्टिक जरीत पॉलिएस्टरच्या पट्टीवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. पहिल्या दोन प्रकारांत काठ म्हणजे धातूच्या तारांचे दाट विणकामच असते, आणि पैठणीचा पदर तर परंपरेने जवळजवळ सगळा जरीचा असतो. असा पदर पाठीवरून येऊन पॅकवर पडला की तो धातूच्या पडद्यासारखा वागतो.

अँटेना पूर्ण झाकली गेली नाही तरीही बिघाड होतो. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ५० सेंटीमीटर असते आणि पॅकची अँटेना साधारण तिच्या पाव, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर, ठेवलेली असते. तिच्या अगदी जवळ धातू आला की हे जुळवलेले प्रमाण बिघडते आणि बरीचशी शक्ती बाहेर न पडता वाया जाते. जरीचा काठ अँटेनाला सतत घासत असेल, तर सिग्नलमध्ये टकटक किंवा चरचर अशी भरही पडू शकते.

मल्टिमीटरने काठाची वाहकता तपासता येते आणि काठ वाहक निघाला तर सावध व्हावे. मीटरने काहीच दाखवले नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. प्लास्टिक जरीच्या धातूवर बहुधा लेप असतो, त्यामुळे मीटरची टोके धातूपर्यंत पोचत नाहीत. अंतिम कसोटी प्रश्न २ मधलीच, साडी नेसून चालण्याची.

उपाय सोपे आहेत. पॅक आणि जर यांच्यामध्ये अंतर ठेवावे, एकदोन सेंटीमीटरचे अंतरही उपयोगी पडते. पदराच्या आतून सुती अस्तर लावले तर घासणे थांबते, मात्र धातूची आडकाठी अस्तराने नाहीशी होत नाही हे ध्यानात ठेवावे. अँटेना जरीच्या काठाला समांतर न ठेवता साध्या कापडाच्या भागाखाली आणावी. एका रंगीत तालमीत आम्ही तासभर फ्रीक्वेन्सी बदलत बसलो होतो, आणि शेवटी कलावतीने पदर डाव्या खांद्यावरून आवळून कमरेला खोचण्याऐवजी मोकळा सोडला तेव्हा आवाज एकदम स्थिर झाला. त्या दिवसापासून आम्ही आधी पदराकडे पाहतो.

५. अँटेना बाहेर दिसते. ती गुंडाळून किंवा दुमडून ठेवली तर चालेल का?

नाही. गुंडाळलेली अँटेना योग्य लांबीची राहत नाही आणि सिग्नल लगेच घसरतो. ती माइकच्या वायरीबरोबर पिळून ठेवणेही चुकीचे आहे. अनेक पॅकमध्ये माइकच्या वायरीचे बाहेरचे आवरण अँटेनाच्या जोडीदाराचे काम करते, म्हणून उरलेली वायर पॅकच्या तोंडाशी गुंडाळून कोंबू नये, ती पॅकपासून दूर सैल वळशात ठेवावी. अँटेना ओल्या त्वचेला चिकटत असेल, तर तिच्यावर पातळ रबरी नळी चढवावी. अंगापासून तेवढे अंतर मिळाले तरी फरक पडतो.

६. ऐतिहासिक नाटकातले चिलखत, जिरेटोप आणि पौराणिक नाटकातला पत्र्याचा मुकुट यांचे काय करावे?

आधी ती वस्तू कशाची आहे हे पाहावे. फायबरचे किंवा रंगवलेल्या रेक्झिनचे चिलखत रेडिओलहरींना फारसे अडवत नाही. त्याची तक्रार वेगळी असते : ते हलताना कुरकुरते आणि ती कुरकुर छातीवरच्या माइकमध्ये येते. धातूच्या कड्यांची जाळी किंवा पत्रा असेल, तर पॅक त्याच्या आत ठेवणे म्हणजे तो पिंजऱ्यात बंद करणे होय. अशा वेळी पॅक चिलखताच्या खालच्या कडेखाली, अंगरख्याच्या आत यावा किंवा निदान अँटेना पूर्णपणे बाहेर यावी. शेल्याखाली तिला चांगली जागा मिळते.

जिरेटोपाचा प्रश्न रेडिओचा कमी आणि ध्वनीचा अधिक असतो. टोपाची कड कपाळाच्या पुढे आलेली असेल, तर आवाज तिच्यावर आदळून परत माइककडे येतो, मूळ आवाजात थोड्या उशिराने मिसळतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. माइक कडेच्या आत खोलवर लपवण्याऐवजी तिच्याशी सपाटीत, किंवा तीन-चार मिलिमीटर पुढे आणावा. मोत्यांच्या लडी टोपाला टाचून घ्याव्यात. पत्र्याच्या मुकुटाला आतून फेल्ट किंवा जाड सुती पट्टी चिकटवली की खणखण आणि घुमणे, दोन्ही कमी होते. टोप काढून ठेवण्याचा प्रसंग असेल, तर माइक टोपाला न लावता केसांनाच लावावा, नाहीतर टोपाबरोबर आवाजही मेजावर जाऊन बसतो.

७. माइक कपाळावर लावावा की छातीवर?

संगीत नाटकात आणि नृत्यप्रधान प्रयोगात कपाळावर, केसांच्या रेषेशी लावावा. मान कुठेही वळली तरी तोंडापासूनचे अंतर तेच राहते, आणि छातीवरचे कापड, दागिने व पदर या सगळ्यांपासून सुटका होते. छातीवरच्या माइकला हनुवटीची सावली पडते, त्यामुळे व्यंजनांची स्पष्टता देणारा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग कमी होतो आणि छातीचा घुमारा वाढतो. तो मिक्सरवर थोडाफार दुरुस्त करता येतो, पण मान वळली की दुरुस्ती चुकते. कोट, जाकीट किंवा साधा सदरा घालणाऱ्या, कमी हालचालीच्या सामाजिक नाटकातल्या पात्राला छातीवरचा माइक चालतो.

८. फेट्यात किंवा पगडीत माइक कसा लपवावा?

पगडी ताठ असते, म्हणून ते काम सोपे आहे. वायर आतल्या अस्तरातून मागे नेऊन कॅप्सूल पुढच्या कडेला टाक्याने धरावी. फेटा दर प्रयोगाला नव्याने बांधला जात असेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी माइक केसांना क्लिपने लावावा, वायर डोक्यावरून मागे आणून मानेच्या वर वैद्यकीय चिकटपट्टीने पक्की करावी, तिथे थोडी सैल ठेवावी आणि मगच फेटा बांधावा. फेटा बांधणाऱ्याला वायर कुठून गेली आहे हे दाखवावे, कारण त्याच्या हाताचा ताण शेवटच्या वेढ्याला वाढतो. फेट्याचे कापड कॅप्सूलच्या तोंडावर येऊ देऊ नये. शिवलेला तयार फेटा असेल, तर त्याला कायमचा छोटा बोगदा शिवून घेणे उत्तम.

९. पहिला अंक ठीक जातो आणि दुसऱ्या अंकात आवाज दबतो. हा घामाचा परिणाम असतो का?

बहुधा असतो. घामाचा एक थेंब कॅप्सूलच्या तोंडावर बसला की आधी वरच्या पट्टीतले स्वर जातात, शब्द बोथट होतात आणि मग आवाजच दबतो. थेंब सुकला किंवा झटकला गेला की आवाज पूर्ववत होतो, म्हणून मध्यंतरानंतर तपासणी केली की सर्व काही ठीक दिसते आणि सगळे गोंधळतात. आतून नायलॉनचे अस्तर असलेला अंगरखा, वर जाड मखमल, डोक्यावर विग आणि समोरून दिव्यांची उष्णता, असा पोशाख असेल तर वातानुकूलित नाट्यगृहातही कलाकार चिंब होतो. मुंबईत मे महिन्यात किंवा पावसाळ्यात, पंख्यांवर चालणाऱ्या सभागृहात किंवा उघड्या मांडवात तर हे गृहीतच धरावे.

कपाळावरचा माइक केसांच्या रेषेच्या किंचित आत, केसांमध्ये ठेवावा. तिथे घामाची धार त्याच्या बाजूने जाते. माइकच्या दोन सेंटीमीटर मागे वायरीवर चिकटपट्टीचा छोटा वेढा द्यावा, म्हणजे वायरीवरून सरकत येणारा घाम तिथे अडतो. कॅप्सूलची टोपी काढता येण्यासारखी असेल, तर दोन-तीन जास्तीच्या टोप्या जवळ ठेवाव्यात आणि मध्यंतरात सरळ बदलाव्यात. पॅनकेक, पावडर आणि हेअरस्प्रे टोपीची छिद्रे बुजवतात, म्हणून रंगभूषा आणि केशभूषा पूर्ण झाल्यावरच माइक लावावा. स्प्रे नंतर मारायचाच असेल तर कॅप्सूल बोटाने झाकावी.

पॅकसाठी वंगण नसलेला कंडोम वापरण्याची पद्धत जगभरच्या रंगभूमीवर रूढ आहे. तरुण कलाकार ते ऐकून संकोचतात, पण त्याच्याइतके पातळ, ताणले जाणारे आणि पाणी न शिरू देणारे आवरण दुसरे मिळणे कठीण. ते प्रत्येक प्रयोगाला नवे वापरावे, कारण बंद आवरणात आतच बाष्प साठते. भिजलेली कॅप्सूल हेअर ड्रायरच्या थंड झोतात सुकवावी. गरम झोताने आतला पडदा खराब होऊ शकतो. प्रयोगानंतर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. थंड सभागृहातून दमट हवेत आणलेल्या उपकरणावर दव धरते, म्हणून पेटी बाहेर नेल्यावर लगेच उघडू नये.

प्रमुख गायक-नटाला दोन माइक आणि दोन पॅक देणे महाग वाटते, पण तीन तासांच्या संगीत नाटकात तो खर्च मला योग्य वाटतो.

१०. रेशमी किंवा कृत्रिम कापडाची सळसळ कशी थांबवावी?

सळसळ दोन वाटांनी येते. हवेतून येणारी सळसळ कापड बदलल्याशिवाय पूर्ण जात नाही. टॅफेटा आणि कडक ऑर्गन्झा यांचा आवाज प्रेक्षकांनाही माइकशिवाय ऐकू येतो. स्पर्शातून येणारी सळसळ मात्र पूर्ण थांबवता येते. त्यासाठी माइक आणि कापड एकमेकांवर घासू नयेत, ती दोन्ही एकत्र हलावीत. माइक दोन्ही बाजूंनी चिकट, त्रिकोणी घडी घातलेल्या पट्टीने कापडालाच पक्का करावा आणि त्याच्या मागे वायरीचा लहान वळसा वेगळा चिकटवावा, म्हणजे वायरीला बसलेला हिसका कॅप्सूलपर्यंत पोचत नाही. सर्व दिशांनी ऐकणारा माइक एका दिशेने ऐकणाऱ्या माइकपेक्षा घासण्याच्या आवाजाला कमी बळी पडतो, म्हणून पोशाखात लपवायला तोच निवडावा.

११. नथ, मुंडावळ्या, ठुशी आणि बांगड्या यांचा त्रास होतो. दागिने काढायला सांगावे का?

काढायला सांगू नये. दागिना पात्राचा भाग आहे आणि बहुतेक वेळा माइकची जागा बदलून काम होते. गालावर येणारा दांडीचा माइक आणि मोठी नथ एकत्र नांदत नाहीत, कारण ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना मोती दांडीवर आपटतो. तिथे कपाळावरचा माइक घ्यावा. मुंडावळ्यांच्या लडी कानशिलावर डोलतात, म्हणून वधूच्या पात्राला माइक बरोबर मध्यभागी, भांगाच्या तोंडाशी लावावा आणि मुंडावळीचा दोर त्याच्या खालून बांधावा. बुगडी आणि कानावर अडकणारा माइक एकाच कानावर आणू नयेत. छातीवर माइक असेल, तर ठुशी चालते कारण ती गळ्याशी घट्ट असते. लांब बोरमाळ किंवा मोहनमाळ मात्र प्रत्येक पावलाला माइकवर आदळते, ती आतून एका टाक्याने धरावी. काचेच्या बांगड्यांचा आवाज हात चेहऱ्याजवळ आला की येणारच, आणि तो पात्राला शोभतही असतो.

१२. दोन प्रवेशांच्या मध्ये दीड मिनिटात पोशाख बदलायचा आहे. माइक कसा सांभाळावा?

बदलणाऱ्या कपड्यांना माइक लावूच नये. माइक केसांना, पॅक आतल्या बंडीला आणि वायर मानेवर चिकटवलेली, एवढे एकदा बसवले की वरचे कपडे कितीही वेळा बदलता येतात. डोक्यावरून घालायच्या कपड्याचा गळा मोठा ठेवावा किंवा मागे चेन द्यावी. विंगेत बदल करणाऱ्या व्यक्तीसोबत रंगीत तालमीत हा बदल निदान तीन वेळा, दिवे मंद करून करून पाहावा. नव्या पोशाखात शाल किंवा घोंगडी माइकवर येत असेल तर आवाज बदलतो, त्यामुळे ध्वनिसंयोजकाच्या संहितेत त्या प्रवेशाची नोंद हवी.

१३. दोन पात्रे मिठी मारतात तेव्हा आवाज घुसमटतो किंवा तुटतो. उपाय आहे का?

तिथे तीन गोष्टी एकदम घडतात : कॅप्सूल कपड्यात दाबली जाते, मिठीतला हात पाठीवरच्या अँटेनावर पडतो आणि एकच आवाज दोन माइकमधून थोड्या अंतराने येऊन पोकळ होतो. हात कुठे पडेल हे दिग्दर्शकाशी बोलून ठरवता येते. आवाजासाठी एका पात्राचा माइक बंद करून उंच पात्राच्या कपाळावरचा एकच माइक खुला ठेवावा. तो दोघांचे संवाद पुरेसे टिपतो.

१४. तालमीत सर्व ठीक होते, प्रयोगात बिघडले. असे का होते?

बहुधा तालीम रोजच्या कपड्यांत झालेली असते. सदरा आणि जीन्समध्ये घेतलेली माइकची चाचणी अंगरखा, शेला आणि कमरपट्टा यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. दुसरे कारण प्रेक्षक आहेत. माणसाचे शरीर रेडिओलहरी शोषते. रिसीव्हरच्या अँटेना सभागृहाच्या मागे, बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्याच्या उंचीवर असतील, तर रिकाम्या सभागृहात मिळालेला सिग्नल भरलेल्या सभागृहात मिळत नाही. अँटेना डोक्यांच्या वर न्याव्यात, किंवा रिसीव्हरच विंगेजवळ ठेवावा आणि मिक्सरपर्यंत तारेने आवाज न्यावा. विंगेत अँटेना लावताना पोशाखांची धातूची रॅक आणि पत्र्याच्या पेट्या तिच्यासमोर उभ्या करू नयेत.

१५. कपडे भाड्याने येतात आणि प्रयोगाच्या दिवशीच मिळतात. मग पूर्वतयारी कशी करायची?

हौशी संस्थांची ही खरी अडचण आहे, आणि गणपतीच्या किंवा स्नेहसंमेलनांच्या हंगामात तिला इलाज नसतो. अशा वेळी भाड्याच्या कपड्यांवर काहीच अवलंबून ठेवू नये. खिसा शिवलेल्या तीन मापांच्या सुती बंड्या आणि रुंद इलॅस्टिक पट्टे संस्थेने स्वतःचे करून ठेवावेत. कपडे निवडताना दुकानातच विचारून घ्यावे : चिलखत धातूचे आहे का, टोपाला आतून पत्रा आहे का, गळ्याशी टिकल्यांची झालर आहे का. कपडे सकाळी आले, तर निदान मुख्य दोन पात्रांना पूर्ण पोशाखात रंगमंचाच्या चारही कोपऱ्यांत आणि पाठमोरे चालवून पाहावे.

१६. पॅक, पोशाख, अँटेना सगळे बदलले तरी आवाज तुटतो. आता काय पाहावे?

मग पोशाखाला दोष देणे थांबवावे आणि फ्रीक्वेन्सी पाहावी. भारतात २०२२ च्या स्पेक्ट्रम (रेडिओलहरींच्या पट्ट्यांच्या) लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग मोबाइल सेवेसाठी विकला गेला. जुने माइक ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत असतील, तर त्यांच्या वाट्याला मोबाइलची प्रक्षेपणे येऊ शकतात. स्वतःच्याच माइकच्या फ्रीक्वेन्सी समान अंतरावर ठेवल्या असतील, तर त्या एकमेकींत मिसळून तिसऱ्या माइकच्या जागी गोंगाट निर्माण करतात. त्यासाठी उत्पादकाने दिलेल्या गटांतल्याच फ्रीक्वेन्सी निवडाव्यात.

एक कारण पोशाखातच दडलेले असते : कलाकाराचा मोबाइल. अंगरख्याच्या खिशात पॅकजवळ ठेवलेला फोन माइकच्या वायरीत ‘टर्र-टर्र’ असा आवाज उमटवू शकतो, आणि ‘सायलेंट’ केल्याने ते थांबत नाही. फोन ग्रीनरूममध्येच राहावा. नृत्यात उडी मारताक्षणी आवाज तुटत असेल, तर बॅटरी तिच्या घरात सैल आहे का हे पाहावे.

१७. व्हिडिओसाठी मिळतात ते छोटे क्लिपचे माइक पोशाखात लपवून वापरता येतील का?

त्यांतले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी शरीरात अधिक शोषल्या जातात, आणि प्रेक्षकांच्या खिशांतले शेकडो फोन याच पट्ट्यात वाय-फाय व ब्लूटूथ वापरत असतात. शिवाय माइक, अँटेना आणि बॅटरी एकाच डबीत असल्याने ती डबी कपड्याखाली लपवली की आवाज आणि सिग्नल दोन्ही दबतात. लहान खोलीतल्या वाचनाला ते चालतील, पाचशे प्रेक्षकांच्या प्रयोगाला आम्ही ते सुचवत नाही.

१८. स्त्री कलाकारांना पोशाखाच्या आतून माइक कोणी लावावा?

शक्यतो स्त्री सहायकानेच, बंद खोलीत आणि प्रत्येक वेळी विचारून. स्त्री सहायक नसेल, तर कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंना पॅक बसवण्याची पद्धत आधी शिकवावी आणि ध्वनिसहायकाने फक्त मानेवर बाहेर आलेली वायर जोडावी. घाईचे कारण सांगून यात सूट घेणाऱ्यांबरोबर आम्ही काम करत नाही. लहान मुलांच्या बाबतीत पालक किंवा शिक्षिका सोबत असाव्यात.

१९. पात्राच्या अंगावर फक्त धोतर आहे. पॅक कुठे लपवायचा?

ऋषी, कोळी किंवा पौराणिक योद्धा उघड्या अंगाने वावरतो तेव्हा हा पेच येतो. विग असेल, तर सर्वांत लहान पॅक त्याच्या आत, डोक्याच्या मागच्या खोलगट भागाजवळ बसवता येतो. विगखाली आधी केस सपाट बांधून जाळीची टोपी घालावी, तिला कापडी खिसा शिवावा आणि अँटेना विगच्या मोकळ्या केसांत खाली सोडावी. या जागेचा फायदा असा की वायर वीतभरच लागते आणि उघड्या पाठीवर काहीच दिसत नाही. तोटा असा की बॅटरी बदलायला विग उतरवावा लागतो, म्हणून नवी बॅटरी घालून आणि पॅकची कळ कुलूपबंद करूनच विग चढवावा. एकाच दिवशी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग असतील, तर मधल्या वेळात बॅटरी न चुकता बदलावी.

विग नसेल, तर पॅक धोतराच्या आतल्या पट्ट्यात, कमरेच्या बाजूला ठेवून वायर पाठीच्या कण्यावरून वर न्यावी आणि त्वचेच्या रंगाच्या वैद्यकीय पट्टीचे तुकडे थोड्या थोड्या अंतरावर लावावेत. सलग लांब पट्टी लावू नये, वाकताना ती एका टोकाने सुटते. पट्टी लावण्याआधी त्वचा कोरडी करावी आणि अंगाला तेल लावायचे असेल तर ते पट्टी लावल्यानंतर, तिच्या कडा सोडून लावावे. कोणाच्या त्वचेला पट्टीची ॲलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून पाहावा. यज्ञोपवीत किंवा रुद्राक्षांची माळ वायरीवरून गेली, तर वायर झाकली जाते, पण मणी तिच्यावर आपटतात. माळ मागे दोन ठिकाणी पट्टीने धरावी.